मुद्रित मंडलांवरील अभिवाह-शेषाची सफाई

मुद्रित मंडलांवरील अभिवाह-शेषाची सफाई : इलेक्ट्रॉनीय उपकरणातील मुद्रित मंडलावर (निरोधक फलकावर तांब्याच्या पातळ पट्ट्या ठेवून तयार केलेल्या विद्युत् मंडलावर) रोधक, धारित्रे, संकलित मंडले इ. घटक डाखाने जोडल्यानंतर सांध्यांभोवती अभिवाहाचा जो भाग व त्याच्यापासून तयार झालेली जी संयुगे शिल्लक राहतात, ती घटकांना इजा न पोहोचविता काढून टाकण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. कारखान्यांत व दुरुस्तीच्या दुकानांत डाखाला सोल्डर व अभिवाहाला फ्लक्स हेच शब्द रूढ आहेत. ही क्रिया वरवर पाहता भांडी विसळण्याइतकी सोपी वाटते. परंतु जो विद्रावक (विरघळविणारा द्रव) अभिवाह विरघळवितो, तोच पुष्कळदा प्लॅस्टिक, रबर, वंगण व छापील खुणाही विरघळवितो. त्यामुळे या सफाईचा खरा प्रश्न ‘काय निघेल’ यापेक्षा ‘काय निघता कामा नये’ हा असतो.

अभिवाहाचे कार्य समजण्यासाठी कल्हईचे उदाहरण सोयीचे आहे. तापलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कल्हईवाला नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो आणि मग कथील भांड्याच्या अंगावर सहज पसरते. नवसागर (अमोनियम क्लोराइड) उष्णतेने विघटित होऊन त्यापासून निघणारे हायड्रोजन क्लोराइड धातूवरील ऑक्साइडाचा थर खाऊन टाकते व स्वच्छ धातू उघडा पडतो. कथील वा डाख स्वच्छ धातूवरच पसरू शकते. ऑक्साइडावर त्याचे गोळे होतात. मुद्रित मंडलावरही हेच घडवून आणावयाचे असते. फरक इतकाच की, कल्हई केलेले भांडे नंतर राखेने घासून भरपूर पाण्याने धुता येते, मंडलाचे तसे नसते. नवसागर व जस्त क्लोराइड यांचे अभिवाह पत्र्याच्या कामात चालतात. इलेक्ट्रॉनीय कामात मात्र ते वर्ज्य मानले जातात, कारण त्यांचा उरलेला अंश हवेतील ओलावा शोषून तांब्याच्या पट्ट्या व घटकांचे पाय सतत खात राहतो.

इलेक्ट्रॉनीय कामात परंपरेने वापरला जाणारा अभिवाह म्हणजे राळ होय. चिडाच्या (पाइनच्या) झाडास खाचा पाडून मिळणाऱ्या चिकातून टर्पेंटाइन ऊर्ध्वपातनाने काढून घेतले म्हणजे राळ मागे राहते. भारतात हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील चिडाच्या वनांतून असा चीक काढतात. राळेतील प्रमुख घटक अबायटिक आम्ल हे थंड असताना जवळजवळ निष्क्रिय असते, परंतु वितळल्यावर तांब्याच्या ऑक्साइडाशी विक्रिया करून त्याचे हिरवट रंगाचे लवण बनविते. काम संपून थंड झाल्यावर राळ पुन्हा काचेसारखी घट्ट, जलरोधी व विद्युत् निरोधक बनते. तापले असता आम्ल व निवले असता निरोधक हा गुण अन्य थोड्याच पदार्थांत आढळतो आणि म्हणूनच रेडिओच्या काळापासून तिचे स्थान टिकून आहे.

तथापि नुसती राळ फार सौम्य असते. जुन्या साठ्यातील काळवंडलेल्या पायांवर ती पुरी पडत नाही. म्हणून तिच्यात क्रियावर्धक मिसळतात. हे क्रियावर्धक म्हणजे अमाइनांची क्लोराइड वा ब्रोमाइड लवणे किंवा ॲडिपिक, सक्सिनिक, ग्लुटारिक यांसारखी कार्बनी आम्ले होत. उपद्रवाचे मूळ बहुधा राळेत नसून या क्रियावर्धकांत असते. डाखकामाचे तापमानही महत्त्वाचे आहे. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला जुना डाख १८३° से. तापमानास वितळतो. यूरोपीय संघाचा घातक पदार्थांवरील निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाल्यावर शिसेविरहित डाखाचा प्रसार झाला. कथील, चांदी व तांबे यांचा सर्वसामान्य वापरातील डाख २१७° ते २२०° से.ला वितळतो. या वाढीव उष्णतेने राळेचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन तिचा अधिक कठीण व कमी विद्राव्य पदार्थ बनतो. सफाई त्या प्रमाणात अवघड झाली आहे.

सफाईची आवश्यकता : अभिवाहाच्या शेषातील आयनी (विद्युत् भारित अणू वा अणुगट देणारी) लवणे कोरड्या हवेत निरुपद्रवी असतात. परंतु हवेत दमटपणा वाढला की, ती पाणी ओढून घेतात आणि दोन पट्ट्यांमधील जागेवर डोळ्यांना न दिसणारा विद्युत् संवाहक पापुद्रा तयार होतो. अशा पट्ट्यांमध्ये काही व्होल्ट इतका विद्युत् दाब जरी असला, तरी तेवढ्याने एक सूक्ष्म विद्युत् घट बनतो. धनाग्राकडील धातू विरघळून आयनांच्या रूपाने ऋणाग्राकडे जातो व तेथे साचतो. हा साठा नेच्याच्या पानासारख्या फांद्यांच्या स्फटिकांच्या रूपाने ऋणाग्राकडून धनाग्राकडे वाढत जातो व अखेर दोन्ही पट्ट्या जोडून मंडल लघुमार्गित करतो. चांदी या बाबतीत सर्वांत चंचल असून शिसे, तांबे व कथील यांतही हा प्रकार घडतो. ही फांदी इतकी नाजूक असते की, पुरेसा प्रवाह वाहताच ती जळून जाते. उपकरण दुरुस्तीस येते तेव्हा ते व्यवस्थित चालू असते, तपासणाऱ्यास दोष सापडत नाही आणि पुढील पावसाळ्यात तोच दोष पुन्हा उद्‌भवतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांहून अधिक असते व समुद्राकडील हवेत मिठाचे कणही असतात. तेथे या प्रकारच्या बिघाडांना विशेष अनुकूल परिस्थिती लाभते.

शिसेयुक्त सांध्यांच्या बाबतीत क्लोराइडाचे कार्य अधिकच चिवट असते. ते शिशाच्या ऑक्साइडापासून शिशाचे क्लोराइड बनविते. हवेतील ओलावा व कार्बन डाय-ऑक्साइड यांमुळे त्याचे कार्बोनेट होते व हायड्रोक्लोरिक आम्ल पुन्हा मोकळे होऊन नव्या ऑक्साइडावर चाल करते. अशा रीतीने अल्पसा क्लोराइडही दीर्घकाळ गंज चालू ठेवू शकतो. सांध्यावर येणारी पांढरी भुकटी हे त्याचे लक्षण होय.

गंज अथवा लघुमार्ग यांपर्यंत मजल गेली नाही, तरी उच्च रोध असलेल्या मंडलांत केवळ गळतीचा प्रवाहही घातक ठरतो. उदा., अम्लता मोजणाऱ्या उपकरणातील काचेच्या विद्युत् अग्राचा रोध १०० मेगओहम इतका धरला आणि त्याच्या जोडणीलगत राहिलेल्या अभिवाहातून १,००० मेगओहम रोधाची वाट निर्माण झाली, तर मूळ संकेताचा सुमारे ९ टक्के भाग वाटेतच नाहीसा होतो. उपकरण चालू राहते, काटा वा आकडा दिसतो, पण तो चुकीचा असतो. वैद्यकीय उपकरणे, विमानातील साधने व आगीची सूचना देणारी यंत्रणा यांत बंद पडलेल्या उपकरणापेक्षा असे चुकीचे सांगणारे उपकरण अधिक धोक्याचे असते. यांशिवाय संरक्षक लेप फलकास नीट चिकटावा, चाचणीच्या टाचण्यांचा सांध्याशी स्पर्श व्हावा आणि सांध्यातील तडे नजरेस यावेत, याही कारणांसाठी सफाई करावी लागते.

सफाई न करण्याचा पर्याय : एकोणिसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ‘सफाई नको’ या नावाने ओळखले जाणारे अभिवाह प्रचारात आले. जुन्या द्रव अभिवाहांत घन पदार्थांचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असे. यांत ते साधारणतः २ ते ५ टक्के असते. क्रियावर्धक पुरेसे तापल्यावर बव्हंशी विघटित होतात अथवा उडून जातात व उरलेले राळेच्या वा कृत्रिम रेझिनाच्या आवरणात कोंडून राहतात. आज बाजारात येणारी घरगुती वापराची बहुतेक उपकरणे न धुतलेलीच असतात.

या अभिवाहांबाबत दोन गैरसमज प्रचलित आहेत. पहिला असा की, ते कसेही वापरले तरी सुरक्षित असतात. वस्तुतः त्यांची निरुपद्रविता पूर्ण तापण्यावर अवलंबून असते. हाताने काम करताना सढळपणे ओतलेला अभिवाह घटकाखाली पसरतो, सोल्डरिंग आयर्नची उष्णता तेथवर पोहोचत नाही आणि तो भाग क्रियाशीलच राहतो. दुसरा गैरसमज, थोडीशी सफाई ही काहीच न करण्यापेक्षा बरी, हा होय. येथे नेमके उलट घडते. अल्कोहॉलाच्या बोळ्याने एकदाच पुसले असता वरचे रेझिनाचे आवरण विरघळते, आतील आयनी लवणे उघडी पडतात व ती बोळ्याबरोबर शेजारच्या स्वच्छ जागीही पसरतात. फलक चकचकीत दिसतो, पण विद्युत् दृष्ट्या तो पूर्वीपेक्षा वाईट झालेला असतो. त्यामुळे अशा अभिवाहाचा शेष एकतर मुळीच हलवू नये किंवा संपूर्ण काढावा, असा नियम पाळतात.

विद्रावक : राळ अध्रुवीय स्वरूपाची व क्रियावर्धक लवणे ध्रुवीय असल्याने दोन्ही एकाच द्रवात चांगली विरघळत नाहीत, ही या विषयातील मूळ अडचण आहे. ट्रायक्लोरोट्रायफ्ल्युओरोएथेन (सीएफसी-११३) व अल्कोहॉल यांच्या स्थिर उकळबिंदू असलेल्या मिश्रणांनी ती पुष्कळ वर्षे उत्तम रीतीने सोडविली होती. सीएफसी-११३ हा द्रव ४७·६° से.ला उकळतो, पेट घेत नाही, प्लॅस्टिकांना फारसा अपाय करीत नाही व त्याचा पृष्ठताण अतिशय कमी असल्याने तो घटकांखालील चिंचोळ्या फटींत सहज शिरतो. टाकीत तो उकळवून वरच्या बाष्पात थंड फलक धरला की, शुद्ध द्रव फलकावर सांद्रित होऊन (द्रवरूप घेऊन) मळासह खाली ठिबकतो. फलक बाहेर येतो तो कोरडाच. अभियंत्यांना याहून अधिक काही नको होते.

परंतु १९७४ मध्ये मारिओ मोलिना व एफ्. शेरवुड रोलंड यांनी असे दाखवून दिले की, खालच्या हवेत न विघटणारी ही संयुगे वर स्थितांबरात पोहोचून तेथे क्लोरीन मुक्त करतात व तो ओझोनाचा नाश करतो. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर व शँक्लिन यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनाच्या घटीचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑल करारावर सह्या झाल्या. विकसित देशांनी १९९६ च्या आरंभापर्यंत या संयुगांचे उत्पादन बंद करावयाचे होते. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला व विकसनशील देशांकरिता ही मुदत १ जानेवारी २०१० अशी होती. ज्या स्थैर्यामुळे हा द्रव कामगारांना व घटकांना निरुपद्रवी ठरला, त्याच स्थैर्यामुळे तो वातावरणाला घातक ठरला. त्याचा वातावरणातील आयुःकाल सुमारे नऊ दशकांचा असल्याने त्या काळी उडून गेलेला विद्रावक अद्यापही हवेत आहे.

त्याच्या जागी आलेल्या द्रवांत संत्र्याच्या सालीतून मिळणारे लिमोनीन वापरणारे विद्रावक आरंभीचे होत. ते राळ झपाट्याने विरघळवितात, पण ज्वलनशील असून नंतर पाण्याने धुवावे लागतात. सीएफसीप्रमाणेच बाष्परूपात वापरता येणारी फ्ल्युओरीनयुक्त ईथरेही पुढे आली. ओझोनास ती बाधत नाहीत. मात्र निसर्गात न विघटणाऱ्या फ्ल्युओरीन संयुगांविषयी वाढलेल्या चिंतेमुळे त्यांचेही भवितव्य अनिश्चित झाले आहे.

लहान कामासाठी आयसोप्रोपिल अल्कोहॉल सर्वांत सोयीचे ठरले आहे. ते ८२·५° से.ला उकळते, राळ चांगली विरघळविते व बहुतेक प्लॅस्टिकांना चालते. ते ९९ टक्के शुद्धतेचे असावे. हात निर्जंतुक करण्यासाठी मिळणारे द्रव या कामी वापरू नयेत. त्यांत पाण्याबरोबर पुष्कळदा ग्लिसरीन असते व ते फलकावर तसेच राहते. उघड्या बाटलीतील अल्कोहॉलही हवेतील पाणी शोषून घेते. दुरुस्तीच्या दुकानांत रंगाचा थिनर वापरण्याची प्रथा आढळते, ती सोडून देणे इष्ट. थिनरमध्ये टोल्यूइन, ॲसिटोन इ. द्रव असून त्यांनी राळ निघते खरी, पण तिच्याबरोबर घटकांची वेष्टने, जोडण्यांची घरे व मूल्ये दर्शविणाऱ्या छापील खुणाही जातात.

मोठ्या कारखान्यांत पाण्याचा वापर अधिक होतो. पाण्यात विरघळणारे कार्बनी आम्लांचे अभिवाह जोरकस असतात व ते धुणे ऐच्छिक नसते; काही तासांतच ते धुवावे लागतात. त्यासाठी ५५° ते ६५° से. इतके गरम, आयनमुक्त केलेले पाणी वापरतात. नळाच्या पाण्यातील क्लोराइडे फलकावर राहून मूळ हेतूच विफल करतात. राळ पाण्यात विरघळत नाही. तिच्यासाठी पाण्यात मोनोएथॅनॉलअमाइनासारखे क्षारक घालतात. राळेतील आम्लाचा साबण होतो व तो पाण्याबरोबर वाहून जातो. पाण्याचा पृष्ठताण मात्र ७२ डाइन/सेंमी. इतका जास्त असतो (आयसोप्रोपिल अल्कोहॉलाचा सुमारे २२), त्यामुळे दशांश मिलिमीटरहून कमी उंचीच्या फटीत ते आपोआप शिरत नाही व शिरलेच तर सहज बाहेर येत नाही. पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये, दाबाच्या फवाऱ्या व नंतर गरम हवेची तीव्र झोत यांनी ही उणीव भरून काढावी लागते.

घटकांना होणारी इजा : इजा दोन प्रकारची असते. एक उघड असते. पॉलिस्टायरिनाचे धारित्र टोल्यूइन वा क्लोरीनयुक्त विद्रावकात चक्क विरघळते. पॉलिकार्बोनेटाच्या भिंगास वा झाकणास विद्रावकाने, तसेच अमाइनांच्या क्षारीय विद्रावानेही, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. उष्ण क्षारीय विद्रावात ॲल्युमिनियमाची उष्णताविसर्जक पाती काळवंडतात.

दुसरी इजा छुपी असून ती काही महिन्यांनी प्रकट होते. ॲल्युमिनियमाच्या विद्युत् विच्छेद्य धारित्राचे तोंड रबराच्या गुडदीने बंद केलेले असते. क्लोरीनयुक्त विद्रावक या रबरातून हळूहळू आत झिरपतो, तेथे विघटन पावून क्लोराइड देतो व ते आतील ॲल्युमिनियमाचा वर्ख खाऊ लागते. धुताना धारित्र धडधाकट दिसते. कित्येक महिन्यांनी ते निकामी होते, तेव्हा धुलाईची आठवण कोणास राहिलेली नसते. अल्कोहॉलांनी ही इजा होत नाही.

उघडे अभिचालित्र (रिले), कळा, बदलते रोधक व जोडण्या यांच्या बाबतीत अपाय निराळ्या मार्गाने होतो. विद्रावक स्वतः काही बिघडवीत नाही. तो फलकावरची विरघळलेली राळ आपल्याबरोबर आत नेतो, उडून जातो आणि राळेचा निरोधक पापुद्रा थेट स्पर्शबिंदूवर सोडून देतो. शिवाय कारखान्यात घातलेले वंगण धुऊन काढतो. पुष्कळशा ‘स्वच्छ’ केलेल्या कळा यामुळे खरखरू लागतात. मुद्रांकित (सीलबंद) अभिचालित्र धुता येते, पण गरम असताना नव्हे. गरम अभिचालित्र थंड द्रवात बुडविले की, आतील हवा आकुंचन पावून बारीकशा फटीतूनही द्रव आत ओढला जातो. डाखकामानंतर फलक निवू देणे याकरिता आवश्यक आहे. एकाएकी थंड करण्याने मृत्तिकेच्या थरमय धारित्रांना तडे जाण्याचाही संभव असतो.

सूक्ष्मध्वनिग्राहक, भोंगे, दाब व आर्द्रता यांचे संवेदक यांना हवेसाठी छिद्र ठेवावेच लागते आणि त्या छिद्रातून द्रव आत गेल्यास घटक बहुधा कायमचा जातो. काही भोंग्यांवर निर्माते चिकटपट्टी लावूनच देतात व ती सफाईनंतर काढावयाची असते. ज्यांना अशी सोय नाही, ते घटक धुलाईनंतर बसविणे हाच खरा मार्ग होय. द्रवस्फटिक दर्शक, कागदी आवरणाचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि नाण्याच्या आकाराचे विद्युत् घट यांनाही पाण्यापासून दूर ठेवावे. घट काढून न घेता ओला केलेला फलक धुतला जात असतानाच आपल्या विद्युत् दाबाखाली गंजू लागतो.

स्थिर विद्युत् ही आणखी एक बाब. नायलॉनाच्या कुंचल्याने फलक घासला म्हणजे घर्षणाने विद्युत् भार निर्माण होतो व धातू-ऑक्साइड अर्धसंवाहकांतील अत्यंत पातळ निरोधक थर त्याने फुटू शकतो. त्यासाठी भार वाहून नेणाऱ्या द्रव्याचा किंवा नैसर्गिक केसांचा कुंचला वापरतात आणि फलक व काम करणाऱ्याचे मनगट भूमीशी जोडतात.

हाताने करावयाची सफाई : प्रथम विद्युत् पुरवठा तोडून घट काढावा व मोठी धारित्रे रिकामी करावी. डाखकामानंतर जितक्या लवकर सफाई करावी तितकी ती सोपी जाते. फलक तिरपा धरून वरून बाटलीने ताजे अल्कोहॉल सोडावे, आखूड केसांच्या कुंचल्याने सांधे हलक्या हाताने घासावेत व मळकट द्रव एका कडेकडे वाहू देऊन तेथे धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून घ्यावा. कुंचला वाटीतील द्रवात पुनःपुन्हा बुडविण्याची सवय वाईट. दोन-तीन फलकांनंतर त्या वाटीत अल्कोहॉल नसून राळेचा पातळ विद्राव असतो आणि पुढील प्रत्येक फलकास त्याचाच लेप मिळतो. एकदा भरपूर धुण्यापेक्षा थोड्या थोड्या ताज्या द्रवाने अनेकदा धुणे गुणकारी असते. प्रत्येक खेपेस मळाचा दहावा भाग मागे राहतो असे धरले, तर तीन खेपांनंतर हजारावा भाग उरतो. शेवटी कमी दाबाच्या कोरड्या हवेने घटकांखालील द्रव बाहेर काढावा व ५०° ते ६०° से. तापमानास फलक पूर्ण वाळवावा. अल्कोहॉल संपूर्ण उडून जाण्यापूर्वी विद्युत् प्रवाह चालू करू नये.

वाळल्यावर पांढरा थर दिसल्यास सफाई अपुरी झाली असे समजावे. हा थर उष्णतेने कठीण झालेल्या राळेचा किंवा धातूंच्या लवणांचा असतो व नुसत्या अल्कोहॉलास दाद देत नाही. अशा वेळी त्यावर थोडा ताजा अभिवाह लावून सांधा पुन्हा तापवावा आणि लगेच धुवावे. जुना शेष नव्यात विरघळून दोन्ही एकदमच निघतात. लवणांचा थर असल्यास अल्कोहॉलात थोडे आयनमुक्त पाणी मिसळल्याने काम होते.

श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या टाकीत द्रवात सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात व फटींतील मळ सुटतो. या तरंगांनी संकलित मंडलांच्या आतील केसाएवढ्या तारा तुटतील, अशी भीती वाटत असल्याने लष्करी कामात ही पद्धत दीर्घकाळ निषिद्ध होती. पुढील प्रयोगांत बहुतेक घटक ती सहन करतात असे आढळले. परंतु क्वॉर्ट्‌झ स्फटिकांबाबत भीती साधार आहे. घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ आंदोलने करतो आणि सामान्य टाकीची कंप्रता ४०,००० च्या आसपास असते. इतक्या सान्निध्यात स्फटिकाचा बारीक चिमटा भंगण्याचा संभव असतो.

स्वच्छतेची परीक्षा : डोळ्यांनी दिसणारी स्वच्छता व विद्युत् दृष्ट्या स्वच्छता या भिन्न गोष्टी आहेत. दहा ते चाळीस पट वर्धनाखाली फलक पाहतात. पण घटकाखालचे त्याने कळत नाही, म्हणून नमुन्यादाखल एखादा घटक उपसून पाहणे चांगले. आयनी मळ मोजण्यासाठी ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहॉल व २५ टक्के पाणी यांच्या मिश्रणात फलक बुडवून मिश्रणाची विद्युत् संवाहकता किती वाढते ते पाहतात व ती मिठाच्या तुल्य वजनात व्यक्त करतात. अमेरिकन नौदलासाठी १९७० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या कामातून ही पद्धत पुढे आली व प्रत्येक चौ. सेंमी.स १·५६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा अनेक दशके जगभर प्रमाण मानली गेली. ती राळयुक्त अभिवाह व मोठे, विरळ घटक यांच्या काळची होती. आजच्या दाट मंडलांत एकाच घटकाखाली साचलेला मळ संपूर्ण फलकाच्या सरासरीत लपून जातो. म्हणून संबंधित अमेरिकन मानकातून २०१८ मध्ये हा आकडा सरसकट कसोटी म्हणून काढून टाकण्यात आला आणि प्रत्येक उत्पादकाने आपली प्रक्रिया पुराव्यानिशी सिद्ध करावी असे ठरले. अशा पुराव्यात पृष्ठीय निरोधाची चाचणी मुख्य होय. ४०° से. तापमान व ९० टक्के सापेक्ष आर्द्रता यांत, विद्युत् दाबाखाली फणीसारख्या आकाराच्या पट्ट्यांतील रोध सात दिवस मोजतात व तो १०० मेगओहमच्या खाली जाता कामा नये.

कामगारांचे आरोग्य : राळेच्या धुराने कायमचा दमा जडू शकतो, हे व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. आयसोप्रोपिल अल्कोहॉल तुलनेने सौम्य, पण त्याचे बाष्प सुमारे १२° से.लाच पेट घेण्याजोगे होते; तापते सोल्डरिंग आयर्न त्याच मेजावर असल्यास हे विसरून चालत नाही. पेटण्याचा हा धोका टाळण्यासाठी वा काम लवकर उरकण्यासाठी विद्रावक बदलताना त्याच्या विषारीपणाची चौकशी आधी झाली पाहिजे. न पेटणारे म्हणून सफाईत आलेले नॉर्मल प्रोपिल ब्रोमाइड मज्जातंतूंना अपायकारक ठरले. चीनमधील सूजौ येथे २००९ मध्ये स्पर्शपटल पुसण्यासाठी अल्कोहॉलाऐवजी लवकर वाळणारे हेक्झेन देण्यात आले होते. त्याच्या बाष्पाने हातापायांच्या तंत्रिकांना इजा होऊन १३७ कामगार आजारी पडले. बंदिस्त खोलीत, झरोक्याशिवाय, दिवसभर विद्रावकाचा वास घेत बसण्याची पद्धत लहान दुकानांत अद्याप दिसते. मेजावर धूर व बाष्प खेचून घेणारा पंखा, नायट्राइल रबराचे हातमोजे आणि विद्रावकाचे झाकणबंद भांडे यांना फारसा खर्च येत नाही. वापरलेला विद्रावक मोरीत ओतू नये. त्यात डाखातील शिसे व तांबे यांची लवणे उतरलेली असतात.